चला, मांडू या मातीचं स्वयंपाकघर!

दादा-ताई मंडळींनो, आजचा लेख तुमच्यासाठी आहे, पण खेळ मात्र तुमचा नाही बरं का! खेळ आहे तुमच्या घरातल्या, वाड्यातल्या, गल्लीतल्या दोन ते सहा वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांचा. तुम्ही तो त्यांना मांडून द्यायचा आहे.

आधी एक गंमत करा. येत्या रविवारी कागद-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसा. घरातलं धाकटं भावंड आत शिरलं, की त्याला किती वेळा 'नको' ऐकावं लागतं, ते मोजा. 'गॅसजवळ जाऊ नको.' 'सुरी ठेव खाली.' 'पिठात हात घालू नको.' 'मिक्सरला हात लावू नको.' तासाभरात कागद रेघोट्यांनी भरून जाईल. आता यात आईचं, आजीचं किंवा बाबांचं काही चुकतं का? मुळीच नाही. चटका बसला, तेल अंगावर उडालं तर केवढ्याला पडेल! पण जरा त्या पिल्लाच्या बाजूनंही विचार करा. घरातली सगळ्यांत गमतीची खोली कोणती? जिथे वाफ येते, फोडणी तडतडते, कणकेचा गोळा दाबला की दबतो, ती! आणि नेमकी तीच खोली त्याला बंद.

मग त्याला त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर दिलं तर? परसात, अंगणात, झाडाखाली. पीठ म्हणून माती, भाजी म्हणून पाला. तिथे त्यानं काहीही ढवळावं, थापावं, सांडावं, आणि कोणी 'नको' म्हणू नये. यालाच म्हणायचं मातीचं स्वयंपाकघर.

भातुकलीची थोरली बहीण

तुम्ही म्हणाल, 'ही तर भातुकलीच!' खरंय, जवळजवळ भातुकलीच. पण थोडा फरक आहे. भातुकलीत बोळकी, चूल, जातं सगळं इवलंइवलं असतं, आणि जेवणात चुरमुरे, दाणे, गूळ. मातीच्या स्वयंपाकघरात मात्र भांडी खरी, मोठ्ठी, पण घरानं टाकून दिलेली असतात. पोचा आलेलं पातेलं, कान तुटलेली कढई, वाकडी पळी. आणि खाऊ मात्र सगळा लुटूपुटूचा.

परदेशातल्या बालवाड्यांमध्ये याला 'मड किचन' म्हणतात. नाव नवं वाटलं, तरी मातीत हात घालणं आपल्याला नवं नाही. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, त्यावर अळीव पेरतो. पोळ्याला, बेंदराला मातीचे बैल करतो. शाडूच्या गणपतीसाठी माती मळतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केलं, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या घरांबरोबर त्या लोकांच्या चुलीही सापडल्या. तेव्हाची मुलंही आईच्या चुलीशेजारी चिखलाच्या भाकऱ्या थापत असतील, असं मला आपलं वाटतं!

जागा कशी निवडायची?

सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी जागा पुष्कळ झाली. मात्र ती निवडताना पुढच्या गोष्टी पाहा.

सावली हवी. आंबा, शेवगा, चिंच असं एखादं झाड असेल तर उत्तमच. सांडलेलं पाणीही त्याच झाडाला मिळेल.

घरातल्या मोठ्या माणसाला ओटीवरून किंवा खिडकीतून ती जागा दिसली पाहिजे.

विहीर, हौद, रस्ता, उकिरडा आणि संडासाची टाकी यांपासून ती लांब हवी.

भिंतीला अगदी चिकटून मांडू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी भिंतीवर चिखलाचा सडा पडेल आणि दुसऱ्या दिवशी खेळ बंद होईल!

जागा ठरली की घरच्यांची परवानगी घ्या. वाड्यात किंवा सोसायटीत राहत असाल तर तिथल्याही मोठ्यांना विचारा. मग जागा झाडून काढा. काचा, खिळे, पत्र्याचे तुकडे वेचून टाका.

आणि एक महत्त्वाचं. जुन्या विटा किंवा दगड उचलायचे असतील तर हातानं एकदम उचलू नका. त्यांच्याखाली विंचू असू शकतो. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, आणि आधी काठीनं वीट उलटून बघा.

काय काय लागेल?

विकत काहीच आणायचं नाही, हा पहिला नियम! घरातलं, अडगळीतलं गोळा करा.

विटा २०. तीन फूट लांब आणि आठ-नऊ इंच रुंद अशी एक फळी. एक घमेलं किंवा जुनी परात. दोन-तीन पातेली, एक तवा, एक कढई. पळी, डाव, उलथनं, झारा. गाळणी आणि पिठाची जुनी चाळण. नारळाच्या करवंट्या चार-पाच. एक तांब्या आणि एक मग. लाकडी पोळपाट असेल तर फारच छान. आणि माळ्यावर जुना सोऱ्या पडलेला असेल तर तुमची चंगळ! चिखलाची चकली पाडताना पाहून आजीसुद्धा येऊन बसेल.

काही वस्तू मात्र मुळीच घ्यायच्या नाहीत. काचेची आणि चिनी मातीची भांडी नकोत. कडा कापलेले पत्र्याचे डबे नकोत. औषधांच्या, फिनेलच्या, कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या कितीही धुतल्या तरी नकोत. घरातलं खरं पीठ, डाळ, तांदूळही नकोत. एक तर अन्न वाया जातं, आणि दुसरं म्हणजे मुंग्या-उंदीर जेवायला हजर होतात.

बांधू या ओटा

आपल्याकडे पूर्वी स्वयंपाक जमिनीवर बसूनच व्हायचा. त्यामुळे बसकं स्वयंपाकघर केलंत तरी चालेल. तीन विटा इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या मांडल्या की झाली चूल. शेजारी एक फरशी किंवा पोळपाट, बसायला पाट. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना हेच बरं पडतं.

उभ्यानं खेळायचा ओटा हवा असेल तर असं करा.

१. जमीन सारखी करून चोपून घ्या.

२. माती आणि पाणी कालवून घट्टसर गारा करा. सिमेंट आणि चुना वापरू नका. दोन्हींमुळे कातडी आणि डोळे भाजतात.

३. दोन विटा शेजारीशेजारी ठेवा. त्यांच्यावर गारा पसरून दुसऱ्या दोन विटा आडव्या ठेवा. तिसरा थर पुन्हा पहिल्यासारखा. असे पाच थर रचले की एक खांब झाला. त्याला विटा लागल्या दहा. आता तसाच दुसरा खांब.

४. दोन्ही खांबांमध्ये इतकंच अंतर ठेवा, की फळीची टोकं खांबांच्या बाहेरच्या कडेला येतील. टोक बाहेर डोकावत राहिलं तर त्यावर रेलल्याबरोबर फळी उलटते.

५. गारा दोन दिवस वाळू द्या. मग फळी ठेवून दोन्ही खांबांना सुतळीनं घट्ट बांधा.

६. आधी तुम्ही स्वतः फळीवर दोन्ही हातांनी भार देऊन बघा. हलली तर पुन्हा बांधा. बाबांना किंवा काकांना एकदा तपासायला सांगा.

आता उंचीचं गणित करा. वीट साधारण तीन इंच जाडीची धरली तर पाच थरांचे झाले १५ इंच. गारा आणि फळी धरून ओटा सोळा-सतरा इंचांवर येतो. तीन वर्षांच्या मुलाला हे पुरतं. मूल पाच वर्षांचं असेल तर आणखी एक थर वाढवा. मग विटा लागतील २४.

मोठ्या पावसात गारा विरघळतो. तेव्हा पावसाळ्यात ओट्यावर प्लास्टिकचा कागद घाला, नाहीतर सरळ बसकं स्वयंपाकघर मांडा.

आणि ज्यांच्या घराला परसच नाही त्यांनी काय करायचं? गॅलरीत जुनी चादर अंथरा. त्यावर एक घमेलं, त्यात तीन-चार किलो माती, दोन वाट्या, एक पळी आणि तांब्याभर पाणी. झालं स्वयंपाकघर! मात्र गॅलरीच्या कठड्याजवळ चढायला जमेल असं काही ठेवू नका. आणि मोठं माणूस तिथेच बसलेलं हवं.

पीठ कोणतं? काळं की तांबडं?

स्वयंपाक चांगला व्हायचा तर पीठ चांगलं हवं. मातीचंही तसंच आहे.

देशावरची, मराठवाडा-विदर्भातली काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून तर उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. तिची भाकरी थापायला झकास, पण वाळताना तडकते. तिच्यात मूठभर वाळू मिसळा, तडे कमी पडतील. कुंभारही मडक्याच्या मातीत राख किंवा लीद मिसळतात, ते उगाच नाही. कोकणातली माती तांबडी. तिच्यातल्या लोखंडाच्या गंजानं तिला तो रंग येतो. तिचा रस्सा अगदी तिखटजाळ दिसतो! नदीकाठचा पोयटा मऊसूत, खिरीसाठी उत्तम.

तुमच्या मातीत काय आहे ते बघायचंय? एक पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. तिचा एक-तृतीयांश भाग मातीनं भरा, वर पाणी ओता, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात तळाशी बसेल ती रेती. दोन-तीन तासांत तिच्यावर थर धरेल तो गाळ, म्हणजे पोयटा. आणि सगळ्यांत बारीक चिकणमाती बसायला पूर्ण दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. पट्टीनं तीनही थर मोजा. विज्ञानाच्या वहीत आकृती काढायलाही उपयोगी पडेल.

माती आणायची ती स्वच्छ जागेची. नुकतंच खत किंवा औषध मारलेल्या वाफ्यातली, गटाराकाठची, मांजर-कुत्री घाण करतात तिथली नको. खेळ संपला की घमेलं फळीनं झाकून ठेवा, म्हणजे मांजर त्यात शिरणार नाही.

भाजी मंडई

जास्वंद, झेंडू, पारिजातकाची गळलेली फुलं, शेवग्याचा पाला, चिंचेची पानं, कढीपत्ता, गवत, वाळकी पानं ही सगळी आपली भाजी. जमिनीवर पडलेलं आधी उचलायचं. फांद्या ओरबाडायच्या नाहीत.

आता नीट लक्ष द्या. पुढची झाडं मातीच्या स्वयंपाकघरात अजिबात आणायची नाहीत, कारण ती विषारी आहेत किंवा अंगाला अपाय करतात:

कण्हेर, पांढरी, गुलाबी किंवा पिवळी, कोणतीही. धोत्रा. एरंड आणि कुंपणाला लावतात तो मोगली एरंड. लाल-काळी गुंज. घाणेरी. रुई आणि शेर, कारण त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्यांना इजा होते. खाजकुइली. आणि शोभेच्या कुंडीत लावतात ते ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं डिफेनबेकिया, ज्याचं पान चावलं तर जीभ भाजते आणि सुजते.

मोगली एरंडाच्या बिया खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. बिया दिसायला साध्या, चवीला बऱ्या, म्हणून मुलं फसतात. तेव्हा आधी परसात एक फेरी मारा. यातलं काही असेल तर मोठ्यांना दाखवा. धाकट्यांना एकच नियम शिकवा, 'इथलं काहीही तोंडात घालायचं नाही.' आणि कोणी चुकून खाल्लंच, तर वाट बघत बसायचं नाही. त्या झाडाची फांदी बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठायचा.

तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, खडे, मणी अशा बारीक वस्तू देऊ नका. ती नाकात, कानात जातात, घशात अडकतात.

आजचा बेत

पहिल्या दिवशी मुलांना काय करायचं ते सुचेनासं झालं, तर हे तीन पदार्थ तुम्ही करून दाखवा. एकदाच हं!

काळ्या मातीची भाकरी: चार मुठी माती चाळून घ्या. मध्ये आळं करून थोडंथोडं पाणी घाला. गोळा मळून करवंटीच्या पाठीवर किंवा पोळपाटावर थापा. तव्यावर टाका. कडेला जास्वंदीच्या पाकळ्यांची चटणी वाढा.

पाल्याची आमटी: पातेल्यात पाणी, त्यात पळीभर माती, शेवग्याचा पाला, वरून झेंडूच्या पाकळ्यांची फोडणी. तोंडानं 'चुर्रर्र' असा आवाज केल्याशिवाय फोडणी बसत नाही.

वाळूची खिचडी: ओली वाळू वाटीत दाबून भरा, ताटलीत मूद पाडा. वर बारीक चुरलेल्या गवताची कोथिंबीर.

चुलीत खरा जाळ करायचा नाही. काडेपेटी या खेळात येणारच नाही. आंब्याची तांबूस पालवी, जास्वंद, नाहीतर फाल्गुनात पळसाची केशरी फुलं चुलीत ठेवा. काय सुंदर जाळ दिसतो!

मांडून द्या आणि मागे सरका

आता सगळ्यांत अवघड काम. ओटा बांधण्यापेक्षा अवघड! ते म्हणजे गप्प बसणं.

तुम्ही एवढ्या मेहनतीनं बांधलेल्या ओट्यावर ते पिल्लू काय करील सांगू? पहिल्या दिवशी भाकरी-बिकरी काही नाही. नुसतं एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात. तासभर! तुम्हाला वाटेल, 'अरे, याला काही कळतच नाही.' तुम्ही जाऊन म्हणाल, 'असं नाही, असं कर.' इथेच खेळ मोडतो. कारण मग ते स्वयंपाकघर तुमचं झालं, आणि त्याच्या वाट्याला पुन्हा एक 'नको' आलं.

ते पाणी ओतताना नुसतं पाणीच ओतत नसतं. उंच तांब्यातलं पाणी पसरट थाळीत का मावत नाही, गाळणीतून पाणी जातं पण खडा का जात नाही, माती जास्त झाली की पळी का अडकते, हे सगळं ते शोधत असतं. तुम्ही पाचवीत लीटर-मिलिलीटर शिकलात, तेव्हा ज्याचे हात आधी भांड्यांत खेळले होते त्याला ते गणित चटकन कळलं असेल, बघा आठवून.

पहिलीच्या वर्गात दर वर्षी एखादं तरी मूल असं येतं, की ते दिवसचे दिवस बोलतच नाही. असाच एक मुलगा होता. नाव विचारलं तरी मान खाली. शाळेमागे बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला होता. एकदा मधल्या सुट्टीत तो तिथे एकटाच वाळू थापत बसलेला दिसला. मी शेजारी जाऊन नुसती बसले. बराच वेळ गेला. मग त्यानं वर न बघता विचारलं, 'बाई, तुम्हाला भाकरी पातळ लागते का जाड?' आमच्याशी तो बोललेलं ते पहिलं वाक्य. मी पातळ मागितली. त्यानं मोडून पुन्हा थापली. दुसऱ्या दिवशी त्याच्या 'खानावळीत' तीन गिऱ्हाइकं होती, आणि मालक भाव सांगत होता!

तेवढ्यात मोठ्या वर्गातला एक जण जाता जाता हसला, 'मुलगा असून भाकऱ्या थापतोस होय रे?' त्या छोट्याचे हात थांबले. मी म्हटलं, 'हॉटेलात आचारी कोण असतं? लग्नात पंगतीचा स्वयंपाक कोण करतं?' हसणारा विचारात पडला, आणि भाकरी पुन्हा सुरू झाली. म्हणून मुलांनो, विशेषतः दादा लोकहो, ही गोष्ट लक्षात ठेवा. स्वयंपाक भूक लागणाऱ्या प्रत्येकाचा असतो. तुमच्या एका हसण्यानं एखाद्याचं स्वयंपाकघर कायमचं बंद होऊ शकतं. आणि ताईंनो, तुमच्या धाकट्या बहिणीला नुसती चूल सांभाळायला लावू नका. तिला खानावळीची मालकीण होऊ द्या, विटा रचू द्या, हिशेब करू द्या.

मग तुम्ही काय करायचं? गिऱ्हाईक व्हायचं! पाटावर बसा. 'आज काय बेत?' एवढंच विचारा. वाढलेलं ताट मिटक्या मारत खोटंखोटं जेवा. पैसे म्हणून पानं द्या. आणि उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणायला विसरू नका.

कोसबाडच्या टेकडीवरून

मातीत खेळण्याला 'शिक्षण' म्हणायचं का, असं कोणी विचारलं तर त्यांना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं सांगा. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. पुढे १९४५ साली त्यांनी बोर्डी इथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो.

माँटेसरी पद्धतीची तयार साधनं महाग. ती खेड्यात कुठून आणायची? मग या दोघींनी बिया, शिंपले, पानं, माती अशा आसपासच्या वस्तूंमधूनच साधनं केली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. गुरं राखायला कुरणात जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. त्या शब्दातच अंगण आहे, बघा!

आई-बाबांसाठी चार शब्द

'मातीनं आजारी पडेल,' ही भीती खोटी नाही. पण थोडी काळजी घेतली तर ती आवाक्यात राहते.

पायात चप्पल असू द्या. मातीतल्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायातूनच शरीरात शिरतात. २०१५ पासून शाळा-अंगणवाड्यांमधून १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंताची गोळी दिली जाते, ती चुकवू नका. नखं कापलेली हवीत. खेळ झाला की साबणानं हात-पाय धुवायचे, मगच खाऊ.

धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहा. ६, १० आणि १४ आठवड्यांचे डोस, मग १६ ते २४ महिन्यांत आणि ५ ते ६ वर्षांत बूस्टर असतो. १० आणि १६ व्या वर्षी पुन्हा लस असते.

पाण्याची बादली भरून ठेवू नका. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. एका वेळी तांब्याभर पाणी द्या. संपलं की पुन्हा. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, त्यामुळे टंचाईच्या गावातही हा खेळ जमतो. खेळ संपला की सगळी भांडी उपडी घाला. करवंटीभर साचलेल्या पाण्यातही डेंग्यूचे डास अंडी घालतात आणि साधारण आठवडाभरात नवे डास तयार होतात.

चिखलाचे हात मोरीत किंवा बेसिनमध्ये धुऊ देऊ नका, नळी तुंबते. बादलीत धुवा, गाळ खाली बसू द्या आणि ते पाणी झाडाला घाला. खेळाचे म्हणून जुन्या कपड्यांचे दोन जोड वेगळे ठेवा. मग 'कपडे मळले' या भांडणाला जागाच उरत नाही.

आता माती चांगली का, तेही ऐका. फिनलंडमध्ये संशोधकांनी ३ ते ५ वर्षांच्या ७५ मुलांचा अभ्यास केला. काही पाळणाघरांच्या रुक्ष आवारात त्यांनी जंगलातली जमीन आणि हिरवळ आणून घातली. मुलं तिथे रोज खेळली. २८ दिवसांनी त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंमध्ये अधिक विविधता आढळली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीनं चांगले बदल दिसले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. मुलं माती खाऊ लागली तरी चालेल, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण सगळं अंगण फरशी आणि पेव्हर ब्लॉकनं झाकून टाकण्याआधी एक चौकोन मातीचा ठेवावा, एवढं त्यातून नक्की घेता येईल.

आणि शेवटचं. आपल्या घरी पाहुणे आले आणि मूल चिखलानं माखलेलं असेल, तर ओशाळू नका. पाहुण्यांना पाट द्या. पहिली पंगत त्याच्याकडेच बसू द्या!

मग, केव्हा बसवताय?

२९ जून हा दिवस जगातल्या अनेक बालवाड्या 'चिखल दिन' म्हणून साजरा करतात. तोवर आपल्याकडे पाऊस लागलेला असतो आणि माती आपोआप मळलेली असते! पण तेवढं थांबायलाच हवं असं नाही. दिवाळीचा किल्ला मोडला की त्याची माती फेकू नका. मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेलात तर तिथल्या भावंडांना मांडून द्या.

तेव्हा लागा कामाला. माळ्यावरचं पोचा आलेलं पातेलं शोधा, विटा मोजा, परवानगी काढा. स्वयंपाकघर तयार झालं, की आपल्या चिमुकल्या आचाऱ्याच्या हाती पळी द्या आणि दहा पावलं मागे जाऊन बसा. जेवायची हाक आली, की मात्र लगेच उठायचं. ताट थंड होता कामा नये!